पणजीत बदली झालीय? रविवार कसा घालवायचा ते सांगते

सहा वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली पणजीला झाली, तेव्हा साताऱ्याच्या शेजारणी म्हणाल्या, "तुमचं काय बाई, आता रोजच सुट्टी!" पहिले तीन महिने आम्हीही तसंच समजून चाललो. दर रविवारी दुपारी बाराला घर सोडायचं, कळंगुटच्या वाटेवर तासभर गाड्यांच्या रांगेत काढायचा, पार्किंग शोधायचं, तापलेल्या वाळूत पाय भाजून घ्यायचे आणि चिडचिडत परत यायचं. चौथ्या महिन्यात आम्ही बाहेर पडणंच सोडलं. एका रविवारी घरमालकीण बाई गॅलरीतून हाक मारत म्हणाल्या, "कितें गो, आयतारा घरांतच? फेरींत बसून पलतडीं वचून यो."

पलतड म्हणजे नदीचा पलीकडचा काठ. आमचा गोवा तिथून सुरू झाला. त्यानंतर जे शिकले ते खाली क्रमाने लिहिते आहे. नोकरीसाठी, बदलीवर किंवा मुलांच्या शिक्षणासाठी पणजी-पर्वरी-ताळगाव भागात नव्याने राहायला आलेल्यांसाठी हे आहे. चार दिवसांच्या सहलीला याचा उपयोग थोडाच. इथे फिरायला पैसे फार लागत नाहीत, पण वेळ जुळवावी लागते. भरती-ओहोटीची वेळ, फेरीबोटीची वेळ, दुपारच्या झोपेची वेळ आणि पंचांगातली तिथी. या चार वेळा कळल्या की बाकी सगळं हाताशी येतं.

१. आधी कागदपत्रं आणि गाडीचं बघा

पहिल्याच आठवड्यात एक फाईल करा. तीत हे असू द्या:

- भाड्याचा करारनामा, दोन-तीन प्रतींसह. पत्त्याचा पुरावा म्हणून हाच पुढे करावा लागतो.
- आधार, पॅन आणि पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो.
- वाहन परवाना, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी.
- जलतरण तलावाचं सदस्यत्व घ्यायचं असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र.

महाराष्ट्रातली गाडी इकडे आणली असेल तर ती बारा महिन्यांपर्यंत तशीच चालते. त्याहून जास्त काळ ठेवायची असेल तर जुन्या आरटीओकडून ना-हरकत घेऊन इथे नोंदणी करावी लागते. हे काम शेवटच्या महिन्यावर टाकू नका.

गाडी नसेल आणि एखाद-दुसऱ्या दिवसासाठी स्कूटर भाड्याने घेणार असाल तर नंबरप्लेट बघा. भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. ती भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि अपघात झालाच तर विम्याचं काय होईल याचा विचार करा. भाड्याची गाडी ताब्यात घेताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा. आमच्या पाहुण्यांना एका ठिकाणी जुन्याच ओरखड्याचे पैसे भरावे लागले.

बसचं सांगायचं तर पणजी-मडगाव, पणजी-वास्को, पणजी-म्हापसा या कदंबच्या, म्हणजे इथल्या सरकारी एसटीच्या, शटल गाड्या उत्तम. मध्ये थांबत नाहीत, तिकीट बसस्थानकावरच्या खिडकीत आधीच काढायचं. गावोगावच्या खासगी बस सकाळी भरपूर असतात, पण रात्री आठनंतर विरळ होत जातात. ओला-उबर इथे चालत नाहीत. एकट्या माणसाला जवळपास जायचं तर पायलट मिळतो, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरचा टॅक्सीवाला. बसण्याआधी भाडं ठरवा. निघतानाच परत कसं यायचं ते ठरवणं, ही सवय मला इथेच लागली.

२. दुपार सोडून द्या

एक ते चार या वेळात गोव्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. बरीच दुकानं बंद असतात, रविवारी तर पणजीचा मोठा भाग दिवसभर बंद असतो. सुरुवातीला याचा मला राग यायचा. आता आम्ही दिवसाचे दोन तुकडे करतो: सकाळी साडेसहा ते अकरा आणि संध्याकाळी साडेचार ते रात्री. मधल्या वेळात घरी येऊन शीत-कडी, म्हणजे भात-आमटी, खायची आणि झोपायचं. ऑक्टोबर आणि मार्च ते मे या काळात हे पाळलं नाही तर डोकं दुखून दिवस वाया जातो. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तहान लागण्याआधीच पाणी प्या.

सकाळच्या तुकड्याची सुरुवात भाजी-पावाने करा. इथे मुंबईची लोण्यात परतलेली पावभाजी डोळ्यासमोर आणू नका. पातळ भाजी, सुकी बटाट्याची भाजी किंवा दोन्ही मिळून मिक्स मागवायची, सोबत पाव किंवा पुरी, आणि मिरची-भजी. पोई, म्हणजे इथला कोंड्याचा गोल पाव, मिळाली तर ती घ्याच.

३. पहिला रविवार फेरीबोटीला द्या

मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या फाट्यांवर आजही फेरीबोटी चालतात. पणजीहून बेती, रायबंदरहून चोडण, जुन्या गोव्याहून दिवाडी. साध्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. लहान मूल बरोबर असेल तर पणजी-बेती एवढीच फेरी करून परत आलात तरी चालेल, पण थोडी हिंमत केलीत तर माझा सर्वांत आवडता रस्ता सांगते.

सकाळी सातच्या आत पणजीहून निघा, शक्य असेल तर सायकलने. शहराचा पाटो भाग ओलांडला की रायबंदरकडे जाणारा जुना बंधारा लागतो. पोर्तुगीजांनी तो १६३३-३४ च्या सुमारास बांधला, सव्वातीन किलोमीटरच्या आसपास लांब आहे. बाजूला मिठागरं आणि पाणथळ, आणि सकाळी बगळे. पुढे जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेलं की समोरच दिवाडीचा धक्का आहे. पलीकडे उतरलात की पिएदाद गावाच्या टेकडीवर चढा. वरच्या चर्चच्या आवारातून मांडवीची वळणं, जुन्या गोव्याचे मनोरे आणि खाली खाजनांची शेती दिसते. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. भरती-ओहोटीप्रमाणे उघडझाप होणारं तिचं लाकडी दार, त्याला मानस म्हणतात. मुलांना ते नक्की दाखवा, पण त्याला हात लावू देऊ नका. चुकीच्या वेळी खारं पाणी आत शिरलं तर कुणाचं तरी पीक जातं.

बहुतेक लोक टेकडीवरून परत फिरतात. तुम्ही बेट ओलांडून पलीकडच्या धक्क्यावर जा आणि दुसऱ्या फेरीने नार्व्याला उतरा. तिथे श्री सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. कदंब राजांचं हे कुलदैवत मूळचं दिवाडीवरचं. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं, भाविकांनी लिंग नदीपलीकडे नेलं, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्व्यात त्याचा जीर्णोद्धार करवला. ज्या पाण्यावरून देव नेला ते पाणी स्वतः ओलांडून जेव्हा आम्ही त्या दारात उभे राहिलो, तेव्हा साताऱ्याची आमची लेक बराच वेळ काही बोललीच नाही. गाडीने सरळ रस्त्याने गेलो असतो तर हे झालं नसतं.

फसण्याच्या जागा अशा आहेत. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ जातानाच बोटीवरच्या माणसाला विचारून घ्या. रविवारी संध्याकाळी चारचाकींची रांग लांब असते, पायी किंवा दुचाकीवर असाल तर फरक पडत नाही. बोट धक्क्याला लागताना साखळीपाशी गर्दी करू नका, आधी वाहनं उतरू द्या. आणि दिवाडीवर दुकानं मोजकी आहेत, पाणी घरून न्या.

४. समुद्र: आधी घड्याळ, मग पाणी

घाटावरून आलेल्या आपल्या माणसांना नदी कळते, धरण कळतं, समुद्र कळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी समुद्रात कमरेच्या वर जाऊच नये.

किनाऱ्यावर जीवरक्षक असतात. २००८ पासून ही व्यवस्था राज्यभर चालू आहे. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. लाल-पिवळे दोन झेंडे असतील तर त्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं. सूर्य कलला आणि जीवरक्षक निघाले की आपणही पाण्याबाहेर. जून ते सप्टेंबर समुद्रात पोहायचंच नाही. तो काळ बघण्याचा.

पायाखालून पाणी बाहेर ओढतंय असं वाटलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, त्यात माणूस थकतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या ओढीतून बाहेर पडा, मग किनाऱ्याकडे वळा. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करा. दारू पिऊन पाण्यात जाणं आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकांवर फोटोसाठी उभं राहणं, या दोन गोष्टींपासून आपल्या पाहुण्यांनाही रोखा. ते तुमच्या भरवशावर आलेले असतात. पावसानंतरच्या महिन्यांत कधी जेलीफिशही येतात. चावल्यासारखी आग झाली तर चोळू नका, जीवरक्षकाकडे जा.

आता घड्याळाचं. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. गोव्यात यात तास-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून हा हिशेब फक्त दिवस ठरवायला वापरा आणि नेमकी वेळ मोबाईलवर मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी तेवढं हलत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. काणकोणात पाळोळेच्या उत्तर टोकाला एक छोटं बेट आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी आठला घोटाभर पाण्यातून हसत-खेळत गेलो, खडकांवर बसलो, डबा उघडला. साडेदहाला परत निघालो तेव्हा मधलं पाणी माझ्या छातीला लागलं. नवऱ्याने लेकीला खांद्यावर घेतलं, एका मच्छीमाराने पलीकडून होडी वळवली आणि मला हात दिला. पाच मिनिटांचा प्रकार, पण त्या पाच मिनिटांत मी देवाला काय काय बोलले ते मलाच माहीत. तेव्हापासून आमच्या घरात कॅलेंडरवर तिथी बघितल्याशिवाय किनाऱ्याचा बेत होत नाही.

कुठे जायचं? रोजच्या फेरफटक्याला मिरामार. तिथे पोहायच्या भानगडीत पडू नका, मांडवीच्या मुखाशी पाण्याची ओढ असते. चालायला ओली वाळू मात्र ऐसपैस मिळते. लांब चालायचं असेल तर सासष्टीचा किनारा, वेळसांवपासून मोबोरपर्यंत वाळूचा सलग पट्टा आहे. मोरजी, आगोंद, गाल्जीबाग इथे साधारण नोव्हेंबर ते मार्च समुद्री कासवं अंडी घालायला येतात. रात्री तिथे बॅटरी, फ्लॅश, मोठा आवाज काहीही नको. किनाऱ्यावर गाडी घालणं, बाटल्या फोडणं, उघड्यावर दारू पिणं यावर दंड आहे, आणि तो असायलाच हवा.

५. पाखरांसाठी एक सकाळ

दुर्बीण नसली तरी चालेल. ऑक्टोबर ते मार्च या काळात रायबंदरहून फेरीने चोडणला जा. धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, दोन चौरस किलोमीटरहूनही लहान, सगळं खारफुटीचं. इथेही ओहोटी बघून जायचं. चिखल उघडा पडला की पाणपक्षी खायला उतरतात, भरतीला जाल तर नुसती झाडं बघून याल. चिखलावर उड्या मारणारे मासे लहान मुलांना पक्ष्यांपेक्षा जास्त आवडतात. पायात घट्ट बूट, अंगात मातकट रंगाचे कपडे.

दुसरी जागा करमळीचं तळं, रेल्वे स्टेशनच्या बाजूलाच. तिथे काठावर शांत उभं राहिलं की पुरे.

६. वाचनालय, नाटक, गाणं

पणजीत मराठी माणसाला करमणार नाही अशी भीती मला होती. ती आल्यावर महिनाभरात गेली.

पाटोवर संस्कृती भवनात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. मराठी पुस्तकांची कपाटं बघून मी पहिल्या दिवशी तिथे तीन तास होते. मुलांसाठी वेगळा विभाग आहे, गोव्याच्या इतिहासाचा वेगळा. सदस्य होताना पत्त्याच्या पुराव्यावर गाडी अडते, म्हणून वर म्हटलेली फाईल घेऊनच जा. बसून वाचायचं असेल तर सदस्यत्वाची वाट बघू नका.

कांपालला कला अकादमी, चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली इमारत. आतल्या नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे, कारण ते मंगेशीचे. नाटक नसलं तरी मागच्या बाजूला मांडवीकाठी संध्याकाळी बसायला जा. फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे इथे रवींद्र भवनं. मराठी नाट्यस्पर्धेच्या दिवसांत गावोगावच्या संस्थांची नाटकं बघायला मिळतात. पुण्या-मुंबईची नावाजलेली नाटकं येतील तेव्हा बघाच, पण या स्पर्धा चुकवू नका. दिवसा शेतात किंवा कार्यालयात काम करून रात्री तालीम केलेली माणसं रंगमंचावर असतात आणि प्रेक्षकांत त्यांचं अख्खं गाव असतं. कोंकणी थोडी कानावर पडायला लागली की एखादं तियात्र, म्हणजे कोंकणी संगीत नाटक, तेही बघा, गाणी समजली नाहीत तरी सभागृहाचा हशा समजतो.

गाण्याची आवड असेल तर हिवाळा राखून ठेवा. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ, जितेंद्र अभिषेकी ही सगळी या मातीतली माणसं, आणि त्यांच्या आठवणीत मैफली होत असतात. बऱ्याच विनामूल्य असतात. तारखा कळायला दुसरा उपाय नाही, रोज सकाळी गोव्याची मराठी वर्तमानपत्रं बघायची. आतल्या पानावरची दोन ओळींची बातमी हीच निमंत्रणपत्रिका.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी. २००४ पासून हा चित्रपट महोत्सव गोव्यातच भरतो. प्रतिनिधी म्हणून ऑनलाइन नोंदणी महोत्सवाच्या बरीच आधी करावी लागते, फोटो आणि ओळखपत्र तयार ठेवा. प्रत्येक खेळाची जागा वेगळी आरक्षित करायची असते, गाजलेले चित्रपट मिनिटांत भरतात. जागा मिळाली म्हणून निवांत राहू नका, वेळेत पोचला नाहीत तर ती बाहेर रांगेत उभ्या असलेल्याला जाते. दिवसाला तीन चित्रपट पुरेत. मी पहिल्या वर्षी पाच बघितले आणि एकही नीट आठवत नाही.

७. तिथी लक्षात ठेवा, जत्रा चुकवू नका

गोव्यातला खरा विरंगुळा जत्रेत आहे, असं मी आता सरळ म्हणते. कार्तिकापासून वैशाखापर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात जत्रा असतेच. फुलांची, खाज्यांची, भांड्यांची दुकानं, पालखी, दिवजां (सुवासिनींच्या हातातले दिवे) आणि मग रात्री नाटक. हो, मराठी नाटक. देवळासमोरच्या मंचावर गावातले लोक उभं करतात, आणि अकरा-बाराला सुरू झालेलं पहाटेपर्यंत चालतं. बसायला चटई, अंगावर शाल आणि परतीची स्वतःची गाडी हवी. पेडण्याकडे गेलात तर दशावतार.

पंचांगात या खुणा करून ठेवा:

- आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानावर चिखलकाला. मोठी माणसं चिखलात लोळून लहानपणीचे खेळ खेळतात. जुने कपडे घालून जा, बघ्यालाही चिखल लागतो.
- नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत श्री दामोदराचा सप्ताह. १८९९ पासून अखंड चालू. चोवीस तास भजन, गाणाऱ्यांचे गट बदलत राहतात. रात्री उशिरा गेलात तर गाणं जास्त रंगलेलं सापडेल.
- त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सजवलेल्या नौका.
- फाल्गुनात शिगमो, म्हणजे इथला शिमगा. रोमटांची, म्हणजे ढोल-ताशांवर नाचणाऱ्या मेळांची, मिरवणूक बघायची तर रस्ते बंद होण्याआधी पोचा आणि गाडी लांब लावा.
- वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावला लईराईची जत्रा. श्रद्धेचा मोठा सोहळा आहे आणि गर्दीही तेवढीच. पहिल्या वर्षी लहान मुलं, म्हातारी माणसं नेऊ नका.

ख्रिस्ती शेजाऱ्यांचे सण आपले नाहीत असं समजू नका. २४ जूनला सांजांव, म्हणजे संत जॉनचा सण, डोक्यावर फुलांचं कोपेल घालून विहिरीत उड्या. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीचं बोंदेरां, म्हणजे झेंड्यांचा उत्सव. बोलावलं तर नक्की जा.

आणि सर्वांत मोठा सापळा चवथीचा. आम्ही पहिल्या गणेशचतुर्थीला पणजीत थाटात थांबलो, साताऱ्यासारखे मंडळांचे देखावे असतील म्हणून. शहर ओस पडलं होतं. दूधवाला नाही, भाजीवाली नाही, उपाहारगृहं बंद. गोव्यात चवथ घरात होते, प्रत्येक जण मूळ गावी जातो. तेव्हा चार दिवसांचं सामान आधी भरा, आणि कार्यालयातल्या कुणी "घरा येयात" म्हटलं तर दोनदा म्हणायला लावू नका. रानातल्या फळा-फुलांनी सजवलेली, गणपतीच्या वर टांगलेली माटोळी आणि घुमटाच्या तालावरची आरती, या दोन गोष्टी गावच्या घरातच भेटतात. घुमट हे गोव्याचं वारसा वाद्य म्हणून २०१९ साली जाहीर झालं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं लावत, आता कायद्याने बंदी असल्याने बकऱ्याचं लावतात.

देवळात जाताना गुडघ्याखालचे कपडे घाला. गोव्यातली बरीच देवस्थानं महाजनांची, म्हणजे वंशपरंपरेने देवळाचा कारभार बघणाऱ्या घराण्यांची, आहेत, गाभाऱ्याजवळ कुणी कुठवर जायचं याचे नियम असतात. विचारा, पाळा, फोटोआधीही विचारा. मंगेशीला सोमवारी संध्याकाळी पालखी असते, पहिलं दर्शन त्या दिवशी घ्या.

८. डोंगर आणि धबधबे

सह्याद्रीत वाढलेल्यांना इथले घाट ओळखीचे वाटतात, म्हणून बेफिकिरी येते. दूधसागरला रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणं बंद आहे, कारवाई होते. पाऊस ओसरला की कुळेहून जीपने जा. अभयारण्यांतल्या धबधब्यांना वनखात्याची परवानगी लागते आणि पावसात ती अनेकदा बंद असते. मोबाईलवरच्या व्हिडिओवर विसंबू नका, निघण्याआधी फोन करून विचारा. पावसात धबधबाच बघायचा असेल तर साखळीजवळचं हरवळे बरं, देऊळ आहे, पायऱ्या आहेत. पाण्यात उतरू नका. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ, कदंबकालीन, काळ्या दगडाचं, हे मात्र कधीही जा आणि सावकाश बघा.

९. मे महिन्यात कुर्डीला जा

मे महिन्यात गोव्यात राहणारे लोक पावसाळ्याच्या बेगमीत असतात, सुके मासे, सोलां (आमसुलं), मिरच्या, तांदूळ. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार तेव्हा बघण्यासारखा असतो. त्याच दिवसांत एक सकाळ सांग्याच्या बाजूला काढा.

साळावली धरणात कुर्डी हे गाव बुडालं. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि गावाच्या खुणा वर येतात. घरांची जोती, विहिरी, सोमेश्वराचं छोटं देऊळ. मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, १९०४ साली जन्मलेल्या. किशोरी आमोणकरांच्या त्या आई. दुसरीकडे वसवलेले गावकरी मे महिन्यात देवाच्या उत्सवाला इथे परत येतात आणि आपापल्या घराच्या जोत्यावर बसून गप्पा मारतात. एका आजींनी मला त्यांची चूल कुठे होती ते बोटाने दाखवलं होतं.

धरणातलं पाणी पुरेसं उतरलंय का ते आधी स्थानिकांकडून विचारून घ्या, वर्षावर्षाला फरक पडतो. सकाळी आठच्या आत पोचा, नंतर सावली कुठेच नाही. पाणी माणशी दोन लिटर, टोपी, तळ जाड असलेले बूट. गाडी कडक जमिनीवरच थांबवा, वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो आणि चाक रुतलं की ओढायला कुणी लवकर येत नाही. जोत्यावरचा दगड, खापरी काहीही उचलून आणू नका. जून लागला की ते गाव परत पाण्याखाली जातं.